प्रिंटर ऑफलाइन, फोल्डर उघडेना: छोट्या ऑफिसचं नेटवर्क नव्याने सांभाळणाऱ्यांसाठी

महिन्याची २० तारीख होती. जीएसटीचं ३बी विवरणपत्र भरायची मुदत त्या दिवशी संपत होती. गोव्यात फोंड्यातल्या एका हिशेबनिसांच्या ऑफिसातून सकाळी साडेनऊला फोन आला. "प्रिंटर ऑफलाइन दाखवतोय. ड्रायव्हर तीनदा काढून घातला, तरी तसाच." चार कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर आणि बाहेर बाकावर बसलेली गिऱ्हाइकं. मी विचारलं, रात्री करंट गेला होता का? गेला होता. गडगडाट झाला, दोनदा वीज जाऊन आली.

ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला प्रिंटरशी बोलायला लावणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, काहीच बिघडलेलं नव्हतं. वीज परत आल्यावर राऊटर आणि प्रिंटर दोन्ही नव्याने सुरू झाले. राऊटर म्हणजे ऑफिसातली यंत्रं एकमेकांना आणि इंटरनेटला जोडणारा डबा, तोच प्रत्येक यंत्राला एक नंबर वाटतो. साध्या राऊटरच्या लक्षात आदल्या दिवशीची ही वाटणी बहुधा राहत नाही, त्यामुळे आधी जागं झालेल्या यंत्राला प्रिंटरचा जुना नंबर मिळाला आणि प्रिंटरच्या वाट्याला दुसराच आला. कॉम्प्युटर मात्र जुन्या नंबरावर कागद पाठवत राहिले. दुरुस्तीला दहा मिनिटं लागली, पण त्याआधी फोन करणाऱ्या त्या मुलीचे दोन तास वाया गेले होते. तिला कोणी कधी हे नीट शिकवलंच नव्हतं, म्हणून मला फार वाईट वाटलं.

दुकानात, वकिलांच्या ऑफिसात, मामलेदार कचेरीजवळच्या झेरॉक्सच्या गाळ्यात किंवा गेस्ट हाउसच्या रिसेप्शनवर "तुला कॉम्प्युटर कळतो ना, मग हेही तूच बघ" असं ज्यांना सांगितलं जातं, त्यांच्यासाठी हा लेख आहे. इंजिनिअर असण्याची गरज नाही. क्रम मात्र सोडायचा नाही.

आधी कागदावर नकाशा

कशालाही हात लावण्यापूर्वी एक कोरा कागद घ्या. इंटरनेटवाल्याने भिंतीवर लावलेला डबा काढा. त्याच्यापुढे वेगळा राऊटर असेल तर तो, स्विच (बऱ्याच केबली एकत्र जोडणारा छोटा डबा) असेल तर तो, मग एकेक कॉम्प्युटर आणि शेवटी प्रिंटर. कोण केबलने जोडलाय, कोण वाय-फायवर आहे, ते रेघांनी दाखवा. केबल डोळ्यांनी नव्हे, हाताने धरून शेवटापर्यंत जा. टेबलामागे कुठेतरी निघून लोंबकळणारी केबल मला वर्षातून किती वेळा सापडते, त्याची मोजदाद नाही.

प्रिंटर तीन प्रकारे जोडलेला असू शकतो. एक, यूएसबीने एकाच कॉम्प्युटरला, आणि तिथून इतरांना शेअर केलेला. दोन, नेटवर्कच्या केबलने थेट राऊटरला किंवा स्विचला. तीन, वाय-फायवर. तिन्हींची दुखणी वेगळी असतात, म्हणून आपला प्रकार कोणता हे आधी ठरवा. माझं मत विचाराल तर ऑफिसच्या प्रिंटरला केबलच हवी. आपल्याकडच्या जुन्या घरांतल्या ऑफिसांना चिऱ्याच्या जाडजूड भिंती आहेत. पुढच्या खोलीतल्या राऊटरचं वाय-फाय मागच्या खोलीत पोचेपर्यंत अर्धमेलं होतं. त्यातून बरेच प्रिंटर २.४ गिगाहर्ट्झचंच वाय-फाय पकडतात, ५ चं त्यांना दिसतच नाही. राऊटरवर दोन्हींची नावं वेगळी असतील तर प्रिंटर जोडताना २.४ वालं नाव निवडा. नवा प्रिंटर घ्यायचा असेल तेव्हा थोडे पैसे जास्त गेले तरी केबलचं भोक असलेलाच घ्या.

दोन प्रश्न आणि एक पान

पहिला प्रश्न: एकालाच त्रास आहे की सगळ्यांना? एकाच कॉम्प्युटरवरून छापलं जात नसेल तर दोष त्या कॉम्प्युटरमध्ये किंवा त्याच्या केबलमध्ये. सगळ्यांनाच येत नसेल तर प्रिंटर, राऊटर किंवा स्विच बघा. हा एक प्रश्न निम्मं काम वाचवतो, आणि घाईत नेमका हाच विचारायचा राहतो.

दुसरा प्रश्न: कालपर्यंत चालत होतं का, आणि मधल्या वेळात काय बदललं? वीज गेली का, विंडोजचं अपडेट आलं का, कोणी पासवर्ड बदलला का, इंटरनेटवाल्याचा माणूस येऊन नवा डबा लावून गेला का? "काही नाही, काही बदललं नाही" हेच उत्तर बहुतेकदा मिळतं. रागावू नका, पुन्हा शांतपणे विचारा. माणसं लपवत नसतात, डबा बदलण्याचा प्रिंटरशी संबंध असेल हे त्यांच्या मनातच येत नाही.

मग प्रिंटरकडे जा आणि त्याच्याच मेनूतून नेटवर्कची माहिती देणारं पान छापा. छोट्या पडद्यावर सेटिंग, रिपोर्ट, नेटवर्क किंवा कॉन्फिगरेशन अशा शब्दांखाली ते मिळतं. पडदा नसलेल्या प्रिंटरवर बहुधा एखादं बटण काही सेकंद दाबून ठेवावं लागतं. या पानाला कॉम्प्युटरची गरज नसते. ते नीट छापून आलं तर शाई, ड्रम, कागद हे सगळं ठीक आहे, अडचण वाटेत आहे. पान आलंच नाही तर नेटवर्कचा विचार सोडा, ते प्रिंटरच्या दुरुस्तीचं काम. शिवाय या पानावर प्रिंटरचा आयपी पत्ता असतो, आणि पुढची सगळी तपासणी त्याच आकड्यांवर उभी आहे. पान जपून ठेवा.

पत्ता म्हणजे काय, आणि तो जुळतो का

नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला चार आकड्यांचा पत्ता असतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२५. साधारणपणे राऊटरच तो वाटतो. छोट्या ऑफिसात पहिले तीन आकडे सगळ्यांचे सारखे असले पाहिजेत, शेवटचा प्रत्येकाचा वेगळा. पहिले तीन म्हणजे वाडा आणि शेवटचा म्हणजे घर नंबर समजा. वाडा एकच असेल तर शेजारी शेजाऱ्याला हाक मारू शकतो.

कॉम्प्युटरचा पत्ता बघायला स्टार्टमध्ये इंग्रजीत 'सीएमडी' ही तीन अक्षरं टाइप करून एंटर दाबा. काळी खिडकी उघडेल. तिथे 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) हा शब्द इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता लिहून एंटर. बरीच माहिती पडद्यावर येते. 'आयपीव्ही४ अॅड्रेस' म्हटलेली ओळ शोधा आणि प्रिंटरच्या पानाशेजारी लिहा. आता दोघांचे पहिले तीन आकडे पडताळा.

जुळत नसतील तर बहुधा या दोनांपैकी एक गोष्ट झालेली असते.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, मग तो कॉम्प्युटरचा असो वा प्रिंटरचा, तर त्या यंत्राला राऊटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. कोणी देत नाही म्हणून त्याने स्वतःच एक घेतलाय. केबल सैल आहे, स्विच बंद आहे, वाय-फायचा पासवर्ड बदललाय किंवा राऊटर अडकलाय. केबल दुसऱ्या भोकात घाला. तिथला छोटा दिवा लुकलुकतो का पाहा. मग यंत्र बंद करून चालू करा.

दुसरी गोष्ट म्हणजे दोन वाडे. फायबरचं इंटरनेट घेताना भिंतीवर जो डबा येतो, तो बऱ्याचदा स्वतःच राऊटर असतो आणि त्याचं स्वतःचं वाय-फायही चालू असतं. त्याच्यापुढे ऑफिसने आपला राऊटर लावला की एका छपराखाली दोन नेटवर्कं तयार होतात. प्रिंटर डब्याच्या वाय-फायवर, कॉम्प्युटर आपल्या राऊटरवर. इंटरनेट दोघांनाही मिळतं, म्हणून सगळ्यांना वाटतं सगळं ठीक आहे. पण प्रिंटरला कॉम्प्युटर दिसत नाही. डिचोलीतल्या एका दुकानात हेच होतं, आणि त्यांनी त्यापायी नवा प्रिंटर विकत घेण्याचं जवळजवळ ठरवलं होतं. उपाय सोपा आहे. सगळी यंत्रं एकाच राऊटरला जोडा आणि डब्याचं वाय-फाय बंद करा. दुसरा राऊटर फक्त वाय-फाय लांब पोचवायला लावला असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये 'अॅक्सेस पॉइंट' हा पर्याय निवडा, म्हणजे तो पत्ते वाटणं थांबवतो.

किनाऱ्यावरच्या गेस्ट हाउसवाल्यांसाठी इथे एक खास सूचना. परदेशी पाहुणा आला की २४ तासांत त्याच्या नोंदीचा सरकारी फॉर्म भरायचा असतो. त्या घाईत रिसेप्शनचा टॅब्लेट पाहुण्यांच्या वाय-फायला जोडला जातो, आणि प्रिंटर दिसेनासा होतो. तो बिघाड नाही. पाहुण्यांचं नेटवर्क मुद्दाम वेगळं ठेवलेलं असतं, तिथल्या यंत्रांना तुमचे कॉम्प्युटर आणि प्रिंटर दिसूच नयेत म्हणून. ती भिंत पाडू नका. टॅब्लेट ऑफिसच्या वाय-फायवर घ्या.

पिंग, आणि नवख्यांची हमखास चूक

पत्ते जुळले की हाक मारून बघायची. त्याच काळ्या खिडकीत इंग्रजीत 'पिंग' लिहा, एक जागा सोडा, मग प्रिंटरचा पत्ता, आणि एंटर. आकडे इंग्रजी कळफलकावरचे. चार ओळी येतील. 'रिप्लाय फ्रॉम' म्हणून प्रिंटरचा पत्ता आणि पुढे किती मिलिसेकंद लागले ते आलं, तर वाट मोकळी आहे. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आलं तर उत्तर आलं नाही.

पण 'रिप्लाय फ्रॉम' दिसल्यावर लगेच आनंद मानू नका. त्या ओळीत पत्ता कोणाचा आहे ते वाचा. कधीकधी तिथे तुमच्याच कॉम्प्युटरचा पत्ता असतो आणि पुढे 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' असं लिहिलेलं असतं. म्हणजे तुमचा कॉम्प्युटर स्वतःच सांगतोय की मला ते घर सापडत नाही. शेवटच्या हिशेबात विंडोज हेही उत्तर मिळालं म्हणूनच मोजतं, त्यामुळे 'लॉस' शून्य टक्के दिसतो. नवखी माणसं तिथे फसतात आणि पुढचे तासन्‌तास ड्रायव्हरमागे लागतात.

अजून एक. प्रिंटर साधारणपणे पिंगला उत्तर देतो. विंडोजचा कॉम्प्युटर मात्र फायरवॉलमुळे, म्हणजे बाहेरून येणाऱ्या हाका अडवणाऱ्या पहारेकऱ्यामुळे, गप्प राहू शकतो. तो गप्प राहिला म्हणून बंदच आहे असं धरू नका.

पिंगला उत्तर आलं तर तोच पत्ता ब्राउझरमध्ये टाइप करून बघा. बऱ्याच नेटवर्क प्रिंटरचं आपलं एक पान उघडतं, त्यात शाई किती उरली, कागद कुठे अडकला, सगळं दिसतं. ते उघडलं की वाट शंभर टक्के मोकळी आहे, आणि आता दोष विंडोजच्या सेटिंगमध्येच शोधायचा.

प्रिंटरचा पत्ता कायमचा करा

या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा. रोज बदलू शकणारा पत्ता हेच बहुतेक 'ऑफलाइन'चं मूळ आहे. वरवर दहा उपाय केले तरी पुढच्या गडगडाटाला तेच पुन्हा.

चांगला मार्ग म्हणजे राऊटरमध्येच नोंद करून ठेवणं. प्रत्येक यंत्राला कारखान्यातून मिळालेला एक ओळखक्रमांक असतो, त्याला मॅक अॅड्रेस म्हणतात. तो प्रिंटरच्या त्याच पानावर असतो. राऊटरच्या सेटिंगमध्ये 'डीएचसीपी'च्या (पत्ते वाटण्याच्या सोयीच्या) खाली 'अॅड्रेस रिझर्वेशन' किंवा तशा नावाची जागा शोधा. तिथे हा क्रमांक आणि द्यायचा पत्ता लिहा, जतन करा, मग प्रिंटर बंद-चालू करा. यापुढे त्याला तोच पत्ता मिळेल.

राऊटरमध्ये शिरायचा पासवर्ड तुमच्याकडे नसेल तर प्रिंटरच्या मेनूतूनच पत्ता 'मॅन्युअल' करून लिहिता येतो. पण मनाला येईल तो आकडा टाकू नका. राऊटर समजा १०० ते २०० मधले आकडे वाटत असेल तर प्रिंटरला त्याच्या बाहेरचा द्या, ५० सारखा. नाहीतर एके दिवशी तोच आकडा कोणाच्या तरी मोबाइलला मिळेल, आणि एका पत्त्यावर दोघं राहू लागले की छपाई कधी होते, कधी होत नाही. असलं अधूनमधून उपटणारं दुखणं शोधणं सगळ्यात कठीण.

आता प्रत्येक कॉम्प्युटरला हा पत्ता नीट सांगायचा:

१. सेटिंग्जमध्ये ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, तिथे प्रिंटर्स अँड स्कॅनर्स, आपला प्रिंटर, मग 'प्रिंटर प्रॉपर्टीज'.

२. 'पोर्ट्स' (प्रिंटरकडे जाणाऱ्या वाटा) या पानावर टिकमार्क कुठे आहे ते पाहा. 'डब्ल्यूएसडी'ने सुरू होणारं नाव असेल तर विंडोजने प्रिंटर आपोआप शोधून जोडलाय. सोय छान, पण भरवसा कमी. पुष्कळ वेळा प्रिंटर जागचा हलत नाही तरी विंडोज त्याला ऑफलाइन म्हणतं, त्यामागे हेच असतं.

३. 'अॅड पोर्ट' दाबा, 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' निवडा, प्रिंटरचा कायम केलेला पत्ता लिहा आणि पुढे जात राहा.

४. तरीही ऑफलाइन दाखवत असेल तर त्याच पोर्टच्या 'कॉन्फिगर'मध्ये 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड' वरची खूण काढून बघा. प्रिंटरने हालहवाल नीट कळवली नाही की विंडोज त्याला मेलेलाच धरतं, ही खूण काढली की विचारणंच थांबतं.

दोन बारीक गोष्टी इथेच तपासून टाका. प्रिंटरच्या रांगेच्या खिडकीत 'यूज प्रिंटर ऑफलाइन' वर चुकून खूण नाही ना? आणि 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर' बंद आहे ना? ते चालू असेल तर विंडोज शेवटी वापरलेला प्रिंटर मुख्य धरतं. मग पावती पीडीएफमध्ये जाऊन बसते आणि गिऱ्हाईक काउंटरवर उभंच.

रांगेत एखादा कागद अडकून मागचे सगळे खोळंबले असतील, 'डिलीटिंग' म्हणत तसेच राहिले असतील, तर स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' शोधा. त्यात 'प्रिंट स्पूलर' ही छपाईची रांग सांभाळणारी सर्व्हिस थांबवा. मग सी ड्राइव्हवर विंडोज, त्यात सिस्टम३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स या फोल्डरमधल्या फायली काढून टाका. फोल्डर ठेवा, फक्त आतलं काढा. स्पूलर पुन्हा सुरू करा. त्या कॉम्प्युटरवरून रांगेत असलेली सगळ्यांची कामं यात पुसली जातात, तेव्हा आधी सगळ्यांना सांगा.

यूएसबीचा प्रिंटर शेअर केला असेल तर

इथे तो एक कॉम्प्युटर जागा असल्याशिवाय कोणाचं काहीच छापलं जात नाही. दुपारी जेवायला गेले, कॉम्प्युटर झोपला, आणि मागच्या टेबलावरून ओरड सुरू. पॉवरच्या सेटिंगमध्ये 'स्लीप' ला 'नेव्हर' करा. पडदा बंद झाला तर चालतो.

दुसरी तक्रार जरा गुंतागुंतीची आहे. जुलै २०२१ मध्ये विंडोजच्या प्रिंट स्पूलरमधली 'प्रिंटनाइटमेअर' नावाची मोठी फट उघडकीला आली. ती बुजवण्यासाठी मायक्रोसॉफ्टने पुढच्या महिन्यांत नियम कडक केले. ऑगस्टपासून शेअर केलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर घालायला प्रशासकाचे अधिकार लागू लागले, आणि सप्टेंबरच्या अपडेटनंतर पुष्कळ ठिकाणी '११बी' ने संपणारी चूक दिसू लागली. एक कॉम्प्युटर अद्ययावत आणि दुसरा मागे राहिलेला असेल तर ही हमखास येते. आधी दोन्ही कॉम्प्युटरची सगळी अपडेट पूर्ण करा आणि दोन्ही बंद-चालू करा. इंटरनेटवर सांगतात तसं रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात, शिरून हे संरक्षणच बंद करू नका. एक प्रिंट मिळवण्यासाठी तीच फट पुन्हा उघडी पडते. प्रिंटरला नेटवर्कचं भोक किंवा वाय-फाय असेल तर यूएसबीचं शेअरिंगच सोडा आणि वर सांगितल्याप्रमाणे थेट जोडा. ही कटकट मुळातूनच जाते.

शेअर केलेलं फोल्डर दिसत नाही

फोल्डरचं दुखणं प्रिंटरपेक्षा जास्त जिवाला लागतं, कारण त्यात हिशेब असतो, अशिलांचे कागद असतात. इथे घाई अजिबात नको.

फोल्डर ज्या कॉम्प्युटरवर आहे तिथून सुरुवात करा. सेटिंग्जमधल्या नेटवर्कच्या पानावर तुमच्या जोडणीचा प्रकार 'पब्लिक' आहे की 'प्रायव्हेट' ते पाहा. पब्लिक असेल तर विंडोज समजतं की आपण बस स्टँडवर बसलोय, आणि स्वतःला लपवतं. नवा राऊटर लागला की विंडोज त्याला नवं नेटवर्क धरतं आणि प्रकार बऱ्याचदा पब्लिक होऊन बसतो. ऑफिसातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर तो 'प्रायव्हेट' करा. त्यानंतर 'अॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज' मध्ये प्रायव्हेटच्या खाली नेटवर्क डिस्कव्हरी आणि फाइल अँड प्रिंटर शेअरिंग ही दोन्ही चालू हवीत.

आता दुसऱ्या कॉम्प्युटरवरून, फाइल एक्स्प्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे मुख्य कॉम्प्युटरचा आयपी पत्ता लिहा, असा: \\१९२.१६८.१.१०. एंटर दाबा. पत्त्याने उघडतं पण नावाने उघडत नाही, असं झालं तर फोल्डर आणि परवानग्या ठीक आहेत, फक्त नावावरून पत्ता शोधणं अडलंय. मुख्य कॉम्प्युटरलाही प्रिंटरसारखा कायमचा पत्ता देऊन पत्त्यानेच जोडलं तर काम थांबत नाही. 'नेटवर्क' वर टिचकी मारल्यावर कोणीच दिसत नाही, म्हणून पुष्कळजण घाबरतात. ती यादी भरणारी 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' ही सर्व्हिस मुख्य कॉम्प्युटरवर चालू आहे का तेवढं पाहा. यादीत न दिसणारं फोल्डर पत्त्याने मात्र व्यवस्थित उघडू शकतं.

पत्त्यानेही उघडत नाही आणि दुसरा अँटिव्हायरस घातलेला असेल, तर त्याच्या फायरवॉलमध्ये बघा. फोल्डरची ये-जा ४४५ क्रमांकाच्या पोर्टमधून, म्हणजे कॉम्प्युटरच्या एका ठरलेल्या दारातून, होते, तो ऑफिसच्या नेटवर्कपुरता मोकळा हवा. राऊटरवर, म्हणजे इंटरनेटच्या बाजूने, तो कधीही उघडायचा नाही.

मग येतो पासवर्ड. सगळ्यात जास्त माणसं इथे अडकलेली मी पाहिली आहेत. विंडोज नाव आणि पासवर्ड विचारतं. माणूस रोज सकाळी लॉगिनला टाकतो तो चार आकडी पिन टाकतो. चुकतो. पुन्हा टाकतो. पुन्हा चुकतो. पिन फक्त त्या एका यंत्रापुरता असतो, नेटवर्कवर तो चालत नाही. तिथे खात्याचा खरा पासवर्ड लागतो, आणि पिनच्या सवयीने तो कधीच विसरलेला असतो. मी प्रत्येक ठिकाणी मुख्य कॉम्प्युटरवर एक वेगळं स्थानिक खातं तयार करतो, फक्त शेअरिंगसाठी, नाव आणि पासवर्ड ठरवून. सगळे कॉम्प्युटर त्याच खात्याने फोल्डर उघडतात. मालकाच्या स्वतःच्या खात्याचा पासवर्ड कोणालाच द्यावा लागत नाही.

पासवर्ड बदलल्यावर काही कॉम्प्युटर विचारतही नाहीत आणि उघडतही नाहीत. त्यांनी जुना पासवर्ड साठवलेला असतो. कंट्रोल पॅनेलमधल्या 'क्रेडेन्शियल मॅनेजर' मध्ये 'विंडोज क्रेडेन्शियल्स' खाली त्या कॉम्प्युटरची नोंद काढून टाका, मग नव्याने विचारेल.

फोल्डर उघडतं पण फाइल जतन होत नाही, 'अॅक्सेस डिनाइड' येतं? फोल्डरला दोन कुलपं असतात. एक 'शेअरिंग' च्या पानावर, दुसरं 'सिक्युरिटी' च्या पानावर. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हींतून जावं लागतं आणि जे जास्त कडक तेच लागू होतं. शेअरिंगमध्ये 'फुल कंट्रोल' दिलं पण सिक्युरिटीत त्या खात्याला फक्त 'रीड' असेल तर तो वाचूच शकेल. त्या एका खात्याला शेअरिंगच्या पानावर 'चेंज' आणि सिक्युरिटीच्या पानावर 'मॉडिफाय' द्या.

कंटाळून 'एव्हरीवन' ला सगळे अधिकार देऊन मोकळं व्हायचा मोह होतो. कृपा करून तसं करू नका. एका कॉम्प्युटरवर खंडणीचा व्हायरस शिरला की तो ज्या ज्या फोल्डरमध्ये लिहू शकतो, ते सगळं कुलूपबंद करतो. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' जगभर पसरला तो शेअरिंगच्या एसएमबी १ या जुन्या पद्धतीतल्या दोषाचा फायदा घेऊन. त्याच वर्षी विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून ती पद्धत नव्या यंत्रांवर मुळात बंदच येऊ लागली. जुनं झेरॉक्स यंत्र स्कॅन केलेला कागद फोल्डरमध्ये पाठवेनासं झालं की कोणीतरी सल्ला देतो, एसएमबी १ चालू करा. त्याऐवजी यंत्राचं सॉफ्टवेअर अद्ययावत होतं का पाहा. होत नसेल तर स्कॅन ईमेलवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून बिनपासवर्डाचं शेअरिंगही आणखी आवळलं आहे, तेव्हा 'पूर्वी पासवर्डशिवाय चालायचं' ही तक्रार यापुढे वाढत जाईल. वेगळं खातं केलेल्यांना तिचा त्रास होत नाही.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. फोल्डर ज्यावर आहे तो मुख्य कॉम्प्युटर तरी अजून त्यावर राहू देऊ नका. आणि साध्या विंडोजला शेअरिंगसाठी एका वेळी २० च जोडण्या चालतात. पाच-सहा जणांच्या ऑफिसला पुरेशा आहेत, वाढत्या ऑफिसने लक्षात ठेवायला हवं.

हिशेबाच्या फोल्डरची प्रत रोज बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, आणि प्रत झाली की डिस्क काढून कपाटात ठेवा. कायम लावलेली डिस्क व्हायरसलाही दिसते.

आपल्या पावसाचं वेगळं

मे अखेरचा गडगडाट आणि ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस, या दोन वेळी माझे फोन सर्वात जास्त वाजतात. राऊटर, इंटरनेटचा डबा आणि स्विच एका छोट्या यूपीएसवर ठेवा. त्यांना वीज फार लागत नाही, आणि ती जागी राहिली की पत्त्यांचा घोळ होत नाही. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसला लावू नका. कागद भाजताना तो एकदम इतका करंट ओढतो की छोटा यूपीएस बंद पडतो, कधी बिघडतोही. त्याला भिंतीतला सॉकेटच द्या, अर्थिंग तपासून घेतलेला.

आकाशातली वीज नेटवर्कच्या केबलमधूनही येते. मुख्य इमारतीतून अंगणापलीकडच्या गुदामापर्यंत उघड्यावरून तांब्याची केबल ओढलेली असेल तर एका कडकडाटात दोन्हीकडचे स्विच जातात. तिथे फायबर टाका किंवा वाय-फायने जोडा. तांब्याच्या केबलची मर्यादा तशीही १०० मीटर आहे, त्यापुढे जोडणी तुटत राहते.

किनाऱ्याजवळ खाऱ्या हवेने केबलच्या टोकाच्या पट्ट्या काळवंडतात. दिवा पेटतो, पण संपर्क धरत नाही. टोक काढून घालून फरक पडला तर समजा तिथेच आहे, टोक नवं बसवून घ्या. आणि जून-जुलैत प्रिंटरमध्ये सारखा कागद अडकू लागला तर नेटवर्कही नको आणि दुरुस्तीवालाही नको. कागद ओलावलाय. रिमचं वेष्टन पूर्ण फाडू नका, लागेल तेवढाच ट्रेमध्ये घाला, बाकीचा बंद डब्यात. सर्द कागद काढून कोरडा घातला की नव्वद टक्के वेळा काम होतं.

शेवटी वही

सुरुवातीला काढलेला नकाशा एका वहीत चिकटवा. त्याखाली लिहा: राऊटरचा पत्ता, तो पत्ते कुठल्या आकड्यापासून कुठल्या आकड्यापर्यंत वाटतो, प्रिंटरचा पत्ता आणि मॅक, मुख्य कॉम्प्युटरचा पत्ता, शेअरिंगच्या खात्याचं नाव. पासवर्ड वेगळ्या बंद पाकिटात, मालकांच्या ताब्यात. प्रिंटरच्या अंगावर पत्त्याची चिठ्ठी चिकटवा, ठळक अक्षरांत. ज्या दिवशी काही बदलाल त्या दिवशी तारखेसह एक ओळ.

इंटरनेटवाल्याचा माणूस नवा डबा घेऊन आला की तो जुना काढण्याआधी ही वही त्याच्यापुढे ठेवा. नवा डबा १९२.१६८.१ ऐवजी १९२.१६८.० वाटू लागला तर राऊटरमधल्या नोंदी जुन्या डब्याबरोबरच गेलेल्या असतात, आणि प्रिंटरमध्ये हाताने लिहिलेला पत्ता दुसऱ्या वाड्यातला ठरतो. त्याला सांगा, दादा, नव्या डब्यालाही हाच पत्ता द्या. बहुतेक जण देतात, दोन मिनिटांचं काम आहे. तो दारातून बाहेर पडण्याआधी प्रत्येक कॉम्प्युटरवरून एकेक पान छापून बघा.